काँक्रीटमधली तलवार आणि घडीचं गोलमेज : ‘द किड हू वुड बी किंग’

ब्रिटनच्या दंतकथेतल्या आर्थर राजाच्या कथेत तलवार दगडात रुतलेली असते. इथे ती पाडकाम चाललेल्या जागेवर, सळया बाहेर आलेल्या काँक्रीटच्या बुंध्यात उभी आहे. शाळेतल्या दोन दांडगटांपासून जीव वाचवत पळणारा बारा वर्षांचा ॲलेक्स रात्री त्या जागेत पडतो, मूठ धरतो आणि ती सहज बाहेर येते. ना ढोलताशे, ना बघायला प्रजा. मग पोरगं ती पाठीला लावून घरी जातं आणि झोपतं. ज्यो कॉर्निश या ब्रिटिश दिग्दर्शकाचा २०१९ चा हा दोन तासांचा चित्रपट पुढे काय करणार आहे, त्याचा अंदाज या एका प्रसंगात येतो.

जुन्या कथेला नवा वेष चढवणं नागपूरकरांना सांगायला नको. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे मोठाले पुतळे, मिरवणुकीने निघतात ते पिढ्यान्‌पिढ्या तेच. सोबतचे बडगे, म्हणजे चालू काळातल्या वाईटाचे पुतळे, मात्र दरसाल नवे, कधी महागाईचा, कधी भ्रष्टाचाराचा. मुलांसाठी पुराणकथा ‘आजच्या’ करणारे बहुतेक चित्रपट एवढ्यावरच थांबतात. देवाच्या हाती मोबाइल दिला, राक्षसाला गॉगल घातला की झालं आधुनिक. या चित्रपटाने बडग्या तर बदललाच, मारबतीलाही हात घातला. म्हणून त्याच्याबद्दल जरा सविस्तर.

कथा थोडक्यात अशी. ॲलेक्स आईसोबत लंडनच्या एका उपनगरात राहतो, वडील घर सोडून गेलेले. त्याचा एकुलता एक दोस्त बेडर्स. त्या दोघांना छळणारे वरच्या वर्गातले लान्स आणि के. ही के मुलगी आहे. तलवार निघाल्यावर मर्लिन जादूगार पोरसवदा रूपात शाळेत दाखल होतो आणि सांगतो की, आर्थरची सावत्र बहीण मॉर्गाना जमिनीखाली जागी होते आहे. चार दिवसांनी सूर्यग्रहण, तेव्हा ती वर येणार. तोवर ॲलेक्सने माणसं जमवायची. माणसं कोण, तर ज्यांनी काल त्याला बदडलं तीच.

नावं ओळखीची वाटत असतील तर बरोबर वाटतात. लान्स म्हणजे आर्थरचा सरदार लान्सलॉट, के म्हणजे आर्थरचा मानलेला भाऊ सर के, बेडर्स म्हणजे शेवटी तलवार तळ्यात परत टाकणारा सर बेडिव्हिअर. टॉमस मॅलरीने पंधराव्या शतकात या सगळ्या कथा एका ग्रंथात बांधल्या आणि कॅक्सटन या मुद्रकाने तो १४८५ साली छापला. आज आपल्याला माहीत असलेला आर्थर मुख्यतः तिथला. त्या ग्रंथात तलवार म्हणजे कुळाचा दाखला आहे. आर्थर तलवार उपसू शकतो, कारण तो अथर राजाचा मुलगा असतो. बाकीचे सरदार घाम गाळतात आणि हात हलवत परत जातात. कथेचा कणाच तो, रक्त सिद्ध होणं.

कॉर्निशने नेमका तिथे घाव घातला आहे. ॲलेक्सजवळ वडिलांनी दिलेलं म्हणून एक आर्थरकथांचं पुस्तक आहे, आत अर्पणाच्या दोन ओळी. त्यावरून तो ठरवून टाकतो की, आपले वडील आर्थरच्या वंशातले, म्हणून तलवार आपल्या हाती आली. अर्धा चित्रपट तो याच समजुतीवर चालतो, मित्रांना घेऊन वडिलांच्या शोधात थेट कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर टिंटॅजेलला जातो. तिथे काय कळतं ते सांगून रस घालवायचा नाही. इतकंच की, वंशाचा दाखला फाटतो आणि तलवार तरी हातातच राहते. महाभारत ऐकत वाढलेल्या मुलांना हा पेच लगेच कळेल. रंगभूमीवर कृपाचार्य कर्णाला कूळ विचारतात आणि कर्णाची मान खाली जाते, तोच प्रश्न ॲलेक्सपुढे येतो. फरक असा की, कर्णाला वर काढायला दुर्योधन लागला, अंगदेशाचं राज्य लागलं. ॲलेक्सला वर काढायला कुणी येत नाही. त्याची आई तेवढी आहे, आणि ती काय काय सोसत आली आहे हे त्याला तोवर ठाऊकच नसतं.

आईचं काम डेनिस गॉफने केलं आहे, आणि चित्रपटातला सगळ्यात नेटका प्रसंग तिच्यासोबतचा आहे. तलवारीची गोष्ट आईला पटवायची कशी? ॲलेक्स न्हाणीघरातला टब भरतो आणि तलवार पाण्यात सोडतो. वीतभर पाणी, त्यात ती पूर्ण नाहीशी होते. मग त्या पाण्यातून एक हात वर येतो, तलवार धरलेला. कथेत आर्थरला तलवार देणारी तळ्यातली देवी टबात आली. कॅमेरा उगाच गरगरत नाही, संगीत अंगावर येत नाही. आईचा चेहरा तेवढा दिसतो. मुलं इथे हसतात, मोठी माणसं गप्प होतात. जुनी कथा आजच्या घरात आणायची म्हणजे काय, हे या एका दृश्यावरून कुणीही शिकावं.

आर्थर आणि त्याचे सरदार ज्याभोवती बसत त्या गोलमेजाचंही तसंच. ॲलेक्सच्या घरी घडीचं साधं टेबल आहे. त्याच्या बाजू उघडल्या की ते गोल होतं, आणि भांडणारी चार पोरं त्याच्याभोवती बसली की संपलं. खर्च शून्य, परिणाम पूर्ण.

मर्लिन तरुणपणी अँगस इम्री, म्हातारपणी पॅट्रिक स्टुअर्ट. स्टुअर्ट मोजक्या वेळात येतो आणि आपल्या आवाजाने पैसे वसूल करतो. पण चित्रपट पळवून नेतो तो इम्री. काठीसारखा उंच, मान पुढे काढून चालणारा, शाळेत नाव सांगताना गडबडून ‘मर्टिन’ झालेला. मंत्र म्हणताना तो दोन्ही हातांनी चुटक्या, टाळ्या आणि बोटांच्या गाठी अशा वेगाने मारतो की नजर ठरत नाही. ही जादू संगणकाची नाही, नटाच्या हातांची आहे, म्हणूनच पोट्टे ती दुसऱ्या दिवसापासून करायला लागतात. घरी दोन-तीन पेले फुटण्याची तयारी ठेवा.

याच मर्लिनचा एक प्रसंग शाकाहारी घरांत हमखास चर्चेला येतो. शक्ती परत येण्यासाठी त्याला किड्याचं रक्त, बीव्हरचं मूत्र आणि हाडांची पूड लागते, आणि हे सगळं त्याला तळलेल्या कोंबडीच्या दुकानातल्या ताटात मिळतं. विनोद अतिशयोक्त आहे, पण हवेतला नाही. खाण्यातला कार्माइन हा लाल रंग कोशिनील नावाच्या किड्यापासून काढतात, पाकिटावर तो आयएनएस १२० म्हणून लिहिलेला असतो. जिलेटीन जनावरांच्या हाडांपासून आणि कातड्यापासून बनतं. बीव्हरच्या ग्रंथींतला स्राव पूर्वी स्वादासाठी वापरत असत, आता क्वचितच. मुलांनी ‘काहून, आपल्या जेलीत पण?’ असं विचारलं तर पाकीट उलटून वाचायला लावा.

आता पटकथेतली एक हुशारी. मुलांच्या साहसपटात नेहमीची अडचण असते की, एवढा धुमाकूळ चालला असताना मोठी माणसं, पोलीस, टीव्हीवाले असतात कुठे? इथे नियम आहे. रात्र झाली आणि मॉर्गानाचे सैनिक जमिनीतून उठले की ‘नाइट’ (शपथ घेतलेला सरदार) केलेल्या माणसांखेरीज बाकी सगळे अदृश्य होतात. रस्ते रिकामे, बस रिकाम्या. जो शपथ घेऊन खांद्यावर तलवारीचा स्पर्श घेतो तोच जागेवर राहतो, आणि त्यालाच धोका. एकाच नियमात तीन कामं झाली. मोठे बाजूला गेले, निर्मनुष्य लंडनचं भय आलं आणि शपथ घेणं म्हणजे खरोखर काहीतरी पत्करणं, हे बोलून न दाखवता कळलं. शेवटी ग्रहणामुळे भरदिवसा रात्र होते तेव्हा हाच नियम शाळेवर लागू पडतो. हा सांधा घट्ट बसला आहे.

जिथे सांधे सैल आहेत तेही सांगायला हवं. मॉर्गाना म्हणून रेबेका फर्ग्युसन आहे, म्हणजे नटीत खोट नाही. पण तिला बराच वेळ मुळांत गुरफटून जमिनीखाली फुसफुसायला लावलं आहे. तिचं म्हणणं काय, आर्थरने तिच्यावर काय अन्याय केला असं तिला वाटतं, याला चार वाक्यंसुद्धा मिळत नाहीत. खलनायिका नुसती ‘वाईट’ असेल तर तिला हरवण्यात फार मजा उरत नाही. दुसरं, चित्रपटाला दोन शेवट आहेत. ग्लॅस्टनबरीच्या टेकडीखाली एक लढाई होते, सगळं आवरलं असं वाटतं, मुलं चपला शोधायला लागतात आणि मग कळतं की खरी लढाई अजून बाकी आहे. शाळेतली ही दुसरी लढाई जास्त चांगली आहे, म्हणून पहिली निम्म्याने कापली असती तरी चाललं असतं. मधला प्रवासही पंधराएक मिनिटं रेंगाळतो. देश फुटलेला, नेतृत्व हरवलेलं, अशा बातम्या मागे सतत दिसतात. त्या वेळच्या ब्रिटनचं राजकारण ठाऊक असलेल्यांना तो टोला कळतो, आपल्या मुलांना नाही. त्याने काही बिघडतही नाही.

ग्रहणाचं गणित मात्र साफ चुकलं आहे. खग्रास सूर्यग्रहणातला पूर्ण अंधार पृथ्वीवर कुठेही साडेसात मिनिटांच्या वर टिकत नाही, बहुतेक वेळा दोन-चार मिनिटांत आटोपतो. पडद्यावरची लढाई त्यापेक्षा बरीच लांबते. मॉर्गानाची जादू म्हणून सोडून द्या, पण मुलांना आकडा सांगा. रमण विज्ञान केंद्रातल्या तारांगणात पुढच्या वेळी गेल्यावर विचारायला एक चांगला प्रश्न होतो.

तिकीटबारीवर चित्रपट आपटला. सुमारे ५.९ कोटी डॉलर खर्च, जगभरची कमाई ३.२ कोटींच्या आसपास. नावाजलेला नट मुख्य भूमिकेत नाही आणि शीर्षक जिभेवर बसत नाही, ही कारणं दिसतात. दर्जा हे कारण नव्हे. ॲलेक्स झालेला लुई ॲशबोर्न सर्किस हा अभिनेता अँडी सर्किसचा मुलगा. तो कुठेही ‘गोड’ दिसायचा प्रयत्न करत नाही, रडका आणि हट्टी दिसायला त्याची हरकत नाही. लान्स झालेला टॉम टेलर तर शेवटच्या अर्ध्या तासात त्याच्या तोडीस तोड उतरतो.

कुठल्या वयासाठी? आठ वर्षांपुढे बिनघोर. सहा-सात वर्षांची मुलं मोठ्यांच्या मांडीजवळ बसूनच बघोत, कारण आगीने धगधगणारे सांगाडे घोड्यांसकट जमिनीतून उठतात, आणि ते पहिल्यांदा उठतात तेव्हा आधी सूचना मिळत नाही. रक्त दिसत नाही. सांगाडे तुटले की ठिणग्या होऊन विझतात. मॉर्गानाचं शेवटचं रूप पंखांचं आणि अक्राळविक्राळ आहे. मोठ्या मुलांना याची भीती वाटणार नाही, त्यांना दुसरंच टोचेल. शाळेतली दांडगाई खरी वाटते, आणि वडिलांच्या दारूचा विषय येतो. ज्या घरात तो विषय जवळचा असेल तिथे आधी मोठ्यांनी एकदा बघून घेतलेलं बरं.

मराठी माध्यमाच्या मुलांना बोलीतली इंग्रजी जड जाईल. पोरं लंडनच्या ढंगात भराभर बोलतात, मर्लिन जुन्या वळणाचं बोलतो. सबटायटल चालू ठेवाच, शिवाय सुरुवातीला दहा मिनिटं कथा सांगून घ्या. फार नको, पाच गोष्टी पुरतात : आर्थर कोण, मर्लिन कोण, मॉर्गाना त्याची सावत्र बहीण, गोलमेज गोल काहून तर त्याला वरची-खालची बाजू नसते, आणि शपथेची चार कलमं. ज्यांच्यावर माया आहे त्यांचा मान राखायचा, उगाच कुणाला दुखवायचं नाही, खरं बोलायचं, हाती घेतलेलं शेवटपर्यंत न्यायचं. ही चार कलमं माहीत असली की, कोण कुठे चुकतं आणि त्याचे परिणाम का होतात हे संवाद निसटले तरी कळतं. सुरुवातीचा आर्थरकथेचा भाग चित्रांतून सांगितला आहे, तोही मदतीला येतो.

उन्हाळ्याच्या सुट्टीत सोसायटीच्या सभागृहात किंवा गच्चीवर हा चित्रपट लावायचा बेत असेल तर नागपुरात काही गोष्टी आडव्या येतात. पहिली, अंधार. निम्म्याहून जास्त महत्त्वाची दृश्यं रात्रीची आहेत, गडद निळ्या पार्श्वभूमीवर काळे सांगाडे. पडद्यावर जरा उजेड पडला की राखाडी धुक्याशिवाय काही दिसत नाही. मे महिन्यात सूर्य पावणेसातच्या पुढेमागे मावळतो, म्हणून साडेसातच्या आधी खेळ सुरू करू नका. दिवसा सभागृहात खिडक्या बंद करून बघू म्हणाल तर कूलर आडवा येतो. कूलरला हवा बाहेर जायला खिडकी उघडी लागते. ती बंद केली की अर्ध्या तासात दमटपणा साचतो, पोरं घामाने चिकट होतात.

दुसरी, कूलरचा आवाज. त्या घरघरीत इम्रीची अर्धी बडबड वाहून जाते. खेळाच्या तासभर आधी कूलर पूर्ण वेगावर चालवून खोली गार करा, चित्रपट सुरू झाला की पंखा सगळ्यात कमी वेगावर आणा. कूलरची हवा प्रोजेक्टरच्या अंगावर येऊ देऊ नका. स्पीकर पडद्याच्या दोन्ही बाजूंना, मुलांच्या कानाच्या उंचीवर. ब्लूटूथ स्पीकरवर आवाज ओठांच्या मागे पडतो, तेव्हा वायरच वापरा. टाइल्स लावलेल्या सभागृहात घोड्यांच्या टापांचा आवाज घुमून कानठळ्या बसतात. मागच्या भिंतीला सतरंज्या किंवा जाड चादरी टांगल्या की पुष्कळ फरक पडतो.

प्रोजेक्टर भाड्याने आणताना डब्यावरचा ल्युमेनचा मोठा आकडा बघून भुलू नका, एएनएसआय ल्युमेन, म्हणजे ठरलेल्या प्रमाणित पद्धतीने मोजलेला उजेड, विचारा. १२० इंची पडद्याला पूर्ण अंधारात २,००० पुरतात, गच्चीवर आजूबाजूचे दिवे असतील तर ३,००० घ्या. हा पडदा साधारण पावणेनऊ फूट रुंद होतो, म्हणून पहिली रांग दहा-बारा फुटांवर. मुलं खाली बसणार, तेव्हा पडद्याची खालची कड जमिनीपासून चार फूट वर हवी, नाहीतर पुढच्यांची डोकी नेमकी सबटायटलवर येतात. फोनवरून वायरलेस दाखवायला गेलं की कित्येक ॲप काळा पडदा दाखवतात आणि आवाज तेवढा येतो. ते बिघाड नाही, नक्कल रोखण्याचं कुलूप आहे. लॅपटॉपला एचडीएमआय केबल लावून आदल्या दिवशी दहा मिनिटं चालवून बघा. लाइट गेली तर दिव्याचा प्रोजेक्टर लगेच पुन्हा सुरू करू नका, निदान दहा मिनिटं थंड होऊ द्या, नाहीतर दिवा जातो. ॲपचं घरगुती सदस्यत्व म्हणजे जाहीर खेळाचा परवाना नव्हे. शाळेत किंवा मंडळात लावायचा तर रीतसर विचारणा करा.

मध्यंतर चौघे टिंटॅजेलच्या वाटेला लागतात तिथे घ्या. ताण थोडा उतरलेला असतो आणि पुढचा रेंगाळणारा भाग पोटात सांबारवडी गेल्यावर सुसह्य होतो. ग्लॅस्टनबरीच्या लढाईनंतर मात्र दिवे लावू नका, कितीही वाटलं तरी.

चित्रपट आवडल्यावर मूळ आर्थर वाचायला मागणारी मुलं निघतात. त्यांच्या हाती थेट मॅलरी देऊ नका, आणि इंटरनेटवरही एकटं सोडू नका. चित्रपटात आर्थरची राणी ग्विनेव्हिअर नाही, त्याचा मुलगा मॉर्ड्रेड नाही. मूळ कथेत लान्सलॉट आणि राणीचं प्रकरण आहे, आणि मॉर्ड्रेडचा जन्म तर दहा वर्षांच्या मुलाला समजावताना घाम फुटेल असा. लहानांसाठी केलेली एखादी संक्षिप्त आवृत्ती आधी स्वतः चाळा, तलवार, मर्लिन, गोलमेज आणि तळ्यातली देवी एवढी प्रकरणं असली तरी बारा वर्षांपर्यंत पुष्कळ झाली.